टँकरभर पाणी आणि पाऊण तास

देवीचे अनुभव कोणी सांगायला बसलं की मी काहीतरी निमित्त काढून उठून जायचो. माझा विश्वास नव्हता असं नाही, भीती होती. डोंगरमाय खरंच जागी असेल, तिला सगळं दिसत असेल, तर तिने माझंही पाहिलं असणार, हा विचार मला सहन होत नसे. देवी नसलेलीच बरी असं मनात म्हणत मी आठ वर्षं काढली, आणि तीच आठ वर्षं रोज सकाळी तिच्या तसबिरीला उदबत्ती लावली. माणूस असा दोन्हीकडे असतो. आता पन्नाशी ओलांडली आहे. बोलण्याची सवय मला पहिल्यापासूनच कमी, पण जे घडलं ते एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

आमचं गाव मूर्तिजापूरहून दर्यापूरच्या वाटेवर, थोडं आत. सगळा काळ्या मातीचा सपाट मुलूख, पण गावाबाहेर नाल्याच्या पुलाकडे जाणारा एक मोठा उतार आहे. त्या दिवशी कापसाने भरलेली ट्रॉली घेऊन मी त्या उतारावर आलो. ट्रॅक्टर मी चालवत होतो आणि माझा धाकटा भाऊ दिगंबर मागे कापसावर आडवा पडून गाणं म्हणत होता. उतार लागला की गिअर काढून गाडी मोकळी सोडायची, म्हणजे तेवढंच डिझेल वाचतं, हे मला वडिलांनी शिकवलं होतं. आमच्याकडचे निम्मे ट्रॅक्टर आजही असेच उतरतात. मीही दांडा न्यूट्रलमध्ये टाकला. मागच्या भरल्या ट्रॉलीने ढकलायला सुरुवात केली, ब्रेकने ते ओझं आवरेना, आणि पुलाच्या तोंडाशी ट्रॉली आडवी होऊन उलटली. दिगंबर खाली दगडांवर पडला. त्याच्या पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, त्याचं लग्न ठरलेलं होतं.

एवढंच असतं तर त्याला अपघात म्हणता आलं असतं. खरी गोष्ट पुढची आहे. माझा ट्रॅक्टर उभाच राहिला होता, मला खरचटलंही नव्हतं. भाऊ मागून हाका मारत होता. आणि मी त्याच्याकडे धावण्याआधी इंजिन बंद केलं, क्लच दाबला आणि दांडा पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये टाकला. लोक येतील, पाहतील, म्हणतील याने न्यूट्रल केलं होतं, हे त्या क्षणी मला सुचलं. मग मी खाली उडी मारली. लोक आले तेव्हा मी म्हणालो, ब्रेक फेल झाला. तो दांडा कोणी पाहिलाही नाही. माझ्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला.

ती वर्षं आमच्या भागात वाईट होती. पीक येत नव्हतं, आलं तर भाव नव्हता, आणि कुठल्या घरातून कधी आक्रोश ऐकू येईल याचा नेम नव्हता. अशा काळात लोक एकमेकांना फार प्रश्न विचारत नाहीत. उलट सगळे मलाच धीर देत. भावाचं किती करतो म्हणत. मी ट्रॅक्टर विकला, लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली, तिला डिझेल इंजिन बसवलं आणि मूर्तिजापूर-दर्यापूर काळीपिवळी चालवू लागलो. सकाळ-संध्याकाळ दिगंबरला उचलणं, धुणं, कूस बदलणं मी करायचो. तो माझे उपकार मानायचा आणि मी ते मानून घ्यायचो. याहून मोठी शिक्षा मला माहीत नाही.

डोंगरमाय आमचं कुलदैवत. तिचं ठाणं परतवाड्याच्या पुढे, घाट चढून गेल्यावर पठारावर आहे. चैत्रात जत्रा भरते. दिगंबर दरवर्षी एकदाच बोलायचा, "दादा, एकडाव वर नेशीन का मले?" आणि मी दरवर्षी म्हणायचो, पाहू. मग एका रात्री उदबत्ती लावताना मी देवीशी सौदा केला. त्याला तुझ्यापर्यंत आणतो, कितीही त्रास होवो, पण माझ्या तोंडून ते वदवून घेऊ नको. लिहितानाही लाज वाटते, पण माझा नवस हाच होता.

लिलावातूनच मी दोन चाकांची एक ट्रेलर आणली आणि तिच्यावर खोली बांधली. आत लोखंडी खाट, डोक्याशी खिडकी, दोन्ही बाजूंना वाळ्याचे पडदे. गावातला वेल्डर म्हणाला, पातळ पत्रा घ्या, हलकं राहील. मी जाड घेतला. तो म्हणाला, दोन पट्ट्या पुरतील. मी चार लावल्या. दिगंबरला पुन्हा काही होऊ नये, एवढंच डोक्यात होतं, आणि प्रत्येक पट्टीबरोबर ती खोली जड होत गेली. अपराधी माणसाला पुरेसं म्हणजे किती, हे कळत नाही. त्यात जत्रेच्या पंगतीसाठी मायने, म्हणजे आमच्या आईने, गव्हाची दोन पोती, डाळ आणि गुळाची ढेप चढवली.

निघायच्या सकाळी मायने देवीची मोठी काचेची तसबीर जीपच्या तोंडावर, जाळीला सुतळीने घट्ट बांधली. तिच्याभोवती हिरवं लुगडं गुंडाळलं, झेंडूचे हार घातले, नारळाचं तोरण लावलं. मी रोज गाडी चालवणारा माणूस. जाळीतून हवा आत गेली नाही तर रेडिएटर तापतो, हे मला कळत होतं. पण मी गप्प बसलो. देवीला बाजूला सरक असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? शिवाय मनात कुठेतरी वाटलं, ती पुढे असली की आपल्याकडे तिची पाठ राहील.

परतवाड्यापर्यंत रस्ता सपाट, काही जाणवलं नाही. दिगंबर मागून पत्र्यावर ताल धरत होता, माय त्याच्याजवळ बसली होती. घाट सुरू झाला तसा मी माझ्या सवयीने चालवत राहिलो. काळीपिवळीवाल्याची सवय एकच, वरचा गिअर सोडायचा नाही, डिझेल कमी लागतं. इंजिन धडधडत, रडत होतं तरी मी तिसरा सोडला नाही. वळणावर गाडी मंदावली की अर्धा क्लच दाबून ओढून न्यायचो. चौथ्या की पाचव्या वळणावर जळकट वास आला. क्लचप्लेटचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. टेंपरेचरचा काटा लाल पट्टीजवळ गेला होता. मी मनात म्हणालो, माय, सांभाळ. ती समोरच होती, रेडिएटरच्या तोंडावर. पुढच्या वळणाआधी बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ उसळली आणि काच दिसेनाशी झाली.

गाडी कशीबशी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, चारही चाकांमागे दगड लावले. बाराची वेळ, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. जवळचं पाणी मी वाटेत वाळ्याच्या पडद्यांवर शिंपडून संपवलं होतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मागे माझ्या जाड पत्र्याच्या खोलीत माझा भाऊ. वाळा सुकला तर ती खोली भट्टी होणार होती. मी रस्त्यात उभा राहिलो आणि मला वाटलं, झालं, हिने सौदा घेतला नाही.

तेवढ्यात खालच्या वळणावरून मोठ्याने कण्हत एक टँकर वर आला. पठारावरच्या गावांना तेव्हा पाणी टँकरनेच जात असे. चालवणारे गृहस्थ साठीचे, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात ओला गमछा. मूळचे बाळापूरचे, पण बरीच वर्षं याच घाटात फेऱ्या मारत होते, हे मागाहून कळलं. मी हात जोडून म्हणालो, "चाचा, पाणी पाहिजे होतं. रेडिएटरले."

त्यांनी खाली उतरून बॉनेटकडे पाहिलं, जमिनीवरच्या ओल्या डागाकडे पाहिलं, वास घेतला. "पानी तं टाकीभर हाय," ते म्हणाले. "पन आत्ता नाई भेटनार."

मला वाटलं थट्टा करत आहेत. मागे टाकीच्या नळातून टपटप पाणी गळत होतं आणि हा माणूस नाही म्हणत होता.

"आत लोखंड तापून बसलं हाय. त्याच्यावर थंडं पानी टाकसान तं इंजिनाचं हेड तडकन. मंग तुमी इथंच घर बांधा. मागं खोली तं आनलीच हाय." मग माझा चेहरा पाहून जरा मऊ झाले. "रेडिएटरवर हात ठेवून दहापर्यंत मोजता आलं पायजे, तवा पानी. पाऊन तास धरा. झाकनाले हात लावू नका, तोंड भाजन. त्या पोराच्या पडद्यांवर मारा पायजे तेवढं पानी, तिथं मनाई नाई."

बादली भरून त्यांनीच दिली. मी पडदे ओले केले, दिगंबरला पाणी पाजलं. परत आलो तर चाचा जीपच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभे.

"ह्या कोन बसल्या समोर?"

"आमची डोंगरमाय."

"माय हाय तं तिले उन्हात काहून बांधलं? अन् गाडीचं नाकबी दाबून टाकलं. श्वास कुठून घेईन ते?" त्यांनी हात मागे घेतले. "मी हात नाई लावत, तुमची देवी हाय. तुमीच सोडा, सलाम करून सोडा."

माय खोलीतून उतरून झाडाखाली बसली होती, तिला मी विचारलं. ती घटकाभर चाचांकडे, घटकाभर तसबिरीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सोड. पन जमिनीवर ठेवू नको. दिग्याच्या हातात दे."

मी सुतळीच्या गाठी सोडल्या. तसबिरीची चौकट इतकी तापली होती की लुगड्यात धरूनच मागे न्यावी लागली. चाचांनी टँकरच्या सावलीत गमछा अंथरला होता, त्यांच्या नमाजाची वेळ झाली होती. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. मी खोलीत शिरलो आणि तसबीर दिगंबरच्या छातीवर उभी धरली. त्याने दोन्ही हातांनी ती पकडली. देवीचा चेहरा माझ्याकडे आणि तिच्यावरून माझ्या भावाचे डोळे, तेही माझ्याकडे. आता तिची पाठ नव्हती.

"काहून थांबलो दादा?"

"गरम झाली. दम घेऊन राहिली."

"किती येळ?"

"पाऊण तास," मी म्हणालो, आणि तो पाऊण तास मला एखाद्या खोलीसारखा दिसला, जिला दार नव्हतं. पळायला रस्ता नव्हता, करायला काम नव्हतं. आठ वर्षं मी दोन कामांच्या मध्ये कधी रिकामा बसलो नव्हतो, हे मला तिथं कळलं.

"दिग्या, त्या दिवशी ब्रेक फेल नव्हता झाला," मी म्हणालो.

मी सांगत गेलो. न्यूट्रल केलेलं सांगितलं. मग तो दांड्याचा भाग आला, तोही सांगितला. "तू हाका मारून राहिला होता. मी आधी गिअर टाकला. मंग तुह्याकडं आलो."

दिगंबर छताकडे पाहत होता. मग हळू म्हणाला, "चार हाका मारल्या मी. पाचवी नाही मारली. मले वाटलं तू खाली दबला. मेला." थोडं थांबून म्हणाला, "मी तवा तुह्यासाठी रडून राहिलो होतो. माहे पाय गेले हे तं मले दवाखान्यात समजलं."

मी त्याच्या खाटेच्या पट्टीवर डोकं ठेवलं. त्याने हात ठेवला नाही. तो एवढंच म्हणाला, "आठ वर्षं लागले तुले? रोज माही कूस बदलत होता, रोज तोंडासमोर होता. जा. बाहीर जाऊन बस."

मी बाहेर येऊन रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसलो. हलकं वाटलं असं मी म्हणणार नाही. लोक तसं सांगतात, मला तसं काही झालं नाही. मला वाटलं की आता मला भाऊही नाही. पण एक गोष्ट खरी, की अपघाताच्या दिवसापासून आतमध्ये जे सतत धडधडत होतं, ते बंद पडलं होतं. तापलेलं इंजिन बंद केल्यावर पत्रा अधूनमधून टकटक वाजत राहतो, तसं काहीसं. चाचा नमाज उरकून जवळ आले. शेजारी बसून तंबाखू मळत म्हणाले, "थंडं व्हायले येळ लागते भाऊ. फुंकून नाई होत."

पाऊण तास झाल्यावर त्यांनी रेडिएटरवर तळहात ठेवून शांतपणे दहापर्यंत मोजलं. ओलं पोतं झाकणावर टाकून थोडं थोडं फिरवत उघडलं, मला इंजिन चालू करायला लावलं आणि चालू इंजिनात बारीक धारेने पाणी सोडलं. मग गव्हाची पोती आणि ढेप स्वतः उचलून टँकरच्या केबिनमध्ये ठेवली. जीपमध्ये डोकावले तर डॅशबोर्डखालच्या पत्र्याच्या डब्याकडे त्यांचं लक्ष गेलं. तो हीटर होता. ती जीप कधीकाळी थंड मुलखात चालली असावी. इंजिन बदलताना मिस्त्रीने त्याचे पाइप तसेच जोडून दिले होते, आणि आमचे प्रवासी त्या डब्यावर पाय ठेवून बसत.

"हे चालू करा," चाचा म्हणाले.

"चाचा, चैत्र हाय."

"गाडीले सांगा चैत्र हाय. हा छोटा रेडिएटरच समजा. इंजिनाची गरमी खेचून तुमच्या पायावर टाकते. तिची आग थोडी तुमी घ्या, तिले बरं वाटन." मग बोटांवर मोजत त्यांनी बाकीचं सांगितलं. पहिल्या-दुसऱ्यावरच चालवायचं, रडवायचं नाही. क्लच दाबला तर पूर्ण, सोडला तर पूर्ण, अधलंमधलं काही नाही. काटा अर्ध्याच्या वर गेला की जागा पाहून थांबायचं, लाल व्हायची वाट पाहायची नाही. "अन् ज्या गिअरमंदी चढसान, त्याच गिअरमंदी उतरसान. मी मांगंच हाओ."

आता एकच गोष्ट उरली होती. मी खोलीच्या दाराशी गेलो, आत गेलो नाही. विचारलं, "दिग्या, वर जायचं का माघारी?" त्याने माघारी म्हटलं असतं तर मी वळवली असती, आणि मला वाटतं आमचं नातं तिथंच संपलं असतं. मायला काही माहीत नव्हतं, ती पदराने वारा घालत थांबली होती.

"वर ने," तो म्हणाला. "खाली यायचं का नाही तुह्यासंगं, ते वर गेल्यावर पाहू."

मी पहिला गिअर टाकला, क्लच पूर्ण सोडला आणि हीटरचा खटका ओढला. गरम हवेचा लोट पायांवर आला तो असा की डोळ्यांत पाणी आलं. बाहेर ऊन, आत भट्टी. घामाने स्टेअरिंग निसटत होतं, चप्पल पायाला चिकटली होती. मागे माझा भाऊ वाळ्याच्या गारव्यात होता आणि इंजिनाची आग माझ्या पायांवर होती, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मला सगळं आपापल्या जागी आहे असं वाटलं. इंजिनाचा आवाज बदलला होता. ते रडत नव्हतं, एका सुरात ओरडत होतं. जाळी मोकळी, वारा सरळ आत. काट्याकडे मी पाहत होतो. तो अर्ध्याला टेकला, तिथे थरथरला आणि तिथेच थांबला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. आरशात टँकर दिसत होता, एक वळण खाली, माझ्याच चालीने. दोनदा तो वर सरकू लागला तेव्हा मी मोकळी जागा पाहून थांबलो, घाई केली नाही. तिसऱ्यांदा थांबायची गरजच पडली नाही. तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागून पत्र्यावर थाप पडली. मग दुसरी. दिगंबरने पुन्हा ताल धरला होता. मला रडू आलं आणि हीटरच्या वाऱ्याने ते गालावरच सुकलं.

शेवटचं वळण संपलं आणि एकदम आभाळ मोकळं झालं. पठार, लाल माती, जत्रेच्या पताका, ढोल. चाचांनी मागून लांब हॉर्न दिला आणि तो थांबवलाच नाही. लोक वळून पाहू लागले. जीपला जोडलेली पत्र्याची खोली पठारावर कोणी कधी पाहिली नव्हती. पंगतीचं काम करणारी कोरकू आदिवासी माणसं धावत आली, खाटेसकट दिगंबरला बाहेर काढलं आणि खांद्यावर घेतलं. आठ वर्षं ज्याने फक्त छत पाहिलं होतं, तो माणसांच्या डोक्यांवरून सगळं पाहत निघाला, छातीवर तसबीर, एक हात वर. त्याने डोंगरमायच्या नावाने अशी आरोळी दिली की ढोलवाल्यांचा ताल चुकला. ठाण्याजवळ पोचल्यावर तो त्या माणसांना म्हणाला, "देवी मले रोज दिसते, आधी मले त्या काठावर न्या." त्यांनी नेलं. खाली धुळीच्या पडद्याआड आमचा सगळा मुलूख पसरला होता. कुठे काय आहे ते काही दिसत नव्हतं, तरी तो बोट दाखवत राहिला, हे मूर्तिजापूर, ते दर्यापूर, हा आपला नाला. नाल्याशी बोट क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं.

दर्शन झालं. मी नमस्काराला वाकलो तेव्हा मागायला माझ्याकडे काही नव्हतं. सौदा मोडला होता, तिने मोडला की मी, ते मला आजही ठरवता येत नाही. पंगतीत दिगंबरनेच मायला सगळं सांगितलं, माझ्यादेखत, एक अक्षर न गाळता. मायच्या हातातला घास खाली पडला. संध्याकाळची बस लागली होती. माय दिगंबरला म्हणाली, "लोकं धरून देतीन, तुले बसनं नेतो मी. याच्या मांगं नाही जायचं आता."

दिगंबरने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितल्यानंतरचं त्याचं ते पहिलं पाहणं, सरळ. "नाही माय," तो म्हणाला. "मी याच्याच मांगं जातो. आता याच्याजवळ लपवाले काही नाही, तं याले घाई नसन."

चाचा टँकर रिकामा करून आले होते, ते पुढे निघाले. आम्ही मागून. पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणारा माणूसही पुढे निघून जाईल अशा चालीने, मी तो सगळा घाट उतरलो. ट्रेलरचं ओझं पाठीवर जाणवत होतं आणि इंजिन ते धरून होतं. माझ्या मागे, माझ्याच हाताने मोडलेला माणूस, उतारावर, डोळे मिटून झोपला होता. त्याच्याजवळ बसलेली माय मागाहून सांगत होती की तो घोरत होता. शरण जाणं म्हणजे काय, ते मी पुस्तकांत वाचलं होतं, कीर्तनात ऐकलं होतं. पाहिलं ते त्या दिवशी. आणि ते माझं नव्हतं, त्याचं होतं.

माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढून म्हणाली, जेव. चाचा आता आमच्या घरचेच आहेत. मूर्तिजापूरकडे आले की जेवून जातात आणि पाणी मागितलं की मी मुद्दाम थोडा उशीर करतो. आम्ही दरवर्षी चैत्रात वर जातो. तसबीर आत, दिगंबरजवळ असते. ट्रेलरचा पत्रा मी बदलून पातळ घेतला.

देवीने काय केलं, असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. गाडी तापली, एक टँकर आला, एका भल्या माणसाने पाऊण तास पाणी दिलं नाही. एवढंच घडलं. पण मी जे मागितलं होतं ते तिने दिलं नाही, याबद्दल मी रोज तिचे आभार मानतो. दिगंबरने सगळ्या गावाला सांगून टाकलं आहे. संध्याकाळी पाराजवळ त्याची खाट असते, चार माणसं जमलेली असतात, आणि मी गाडी लावून आलो की तो सगळ्यांदेखत म्हणतो, "या न्यूट्रलशेठ, बसा." लोक हसतात. मीही त्याच्या खाटेच्या काठावर बसतो. तो मला अजून काय काय ऐकवतो, आणि मी ते सगळं ऐकून घेतो, अंधार पडेपर्यंत, कुठेही उठून न जाता.